बोगद्यात शिरण्याआधी अर्धा तास तोंडाशी

वाचकाचं पत्र:

«लोणावळ्याला जाता-येता घाटात झाडीत बुजलेल्या जुन्या दगडी कमानी दिसतात. आम्ही पाच जण, सगळे वीस-बावीसचे, गडकिल्ले बऱ्यापैकी केलेले. जानेवारीत एखादा बंद पडलेला रेल्वे बोगदा आतून बघायचा विचार आहे. आमच्यातला एक जण म्हणतो सकलेशपूरला जाऊ, तिथे रुळांवरून चालत पन्नासेक बोगदे पार करता येतात असं त्याने वाचलंय. टॉर्च कुठला घ्यावा? मेणबत्ती पेटवून हवा तपासता येते का? वटवाघळांमुळे काही होतं का? आणि रेल्वेवाले धरतात का? माझा मोठा भाऊ लीड्सला असतो. तिकडे असं काही बघता येत असेल तर तेही लिहा.» — बदलापूरचा एक वाचक

उत्तर:

टॉर्चचं नंतर बघू. आधी तुमच्या मित्राने वाचलेलं निस्तरू, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

त्याने वाचलं ते खोटं नाही, शिळं आहे. सकलेशपूर ते सुब्रमण्य रोड हा कर्नाटकातला सुमारे 55 किलोमीटरचा घाट, त्यात 57 बोगदे आणि 109 पूल. हा मीटरगेज मार्ग 1996 मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाला आणि दहा वर्षं तिथे गाडी फिरकली नाही. त्या काळात बंगळूरपासून पुण्यापर्यंतचे ट्रेकर त्या रुळांवरून चालले, पुलांवर पाय सोडून बसले आणि त्याची वर्णनं लिहून ठेवली. 2006 मध्ये मालगाड्या सुरू झाल्या, 2007 च्या अखेरीस प्रवासी गाड्या. वर्णनं मात्र होती तशीच राहिली. आज ती वाचून जाणारा माणूस चालू मार्गावरच्या बोगद्यात शिरतो. दूधसागरचंही तेच. कुळे ते कॅसलरॉक मार्गावर गाड्या धावतात आणि रुळांवरून चालत धबधब्याला जायला रेल्वेची बंदी आहे. तेव्हा कुठलीही माहिती वाचलीत की आधी ती कोणत्या साली लिहिली ते बघा. तारीख नसेल तर ती माहिती नाहीच असं समजा.

आता तुमच्या रोजच्या वाटेवरचा घाट. भोर घाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात 25 बोगदे होते आणि चढ 37 फुटांना एक फूट. खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका सोंडेवर जाऊन थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर निघायची. 1929 मध्ये नवा मार्ग काढून हे स्टेशन वगळलं आणि जुन्या मार्गाचे तुकडे ओस पडले. तुमच्या नजरेला पडलेल्या कमानींपैकी काही अशा सोडलेल्या तुकड्यांवरच्या असू शकतील. पण गाडीच्या खिडकीतून दिसणारी प्रत्येक जुनी कमान बंद पडलेली नसते, आणि घाटात हे ओळखणं सपाटीपेक्षा फार अवघड आहे.

कर्जत ते लोणावळा तीन मार्ग आहेत: अप, डाऊन आणि मिडल. ते प्रत्येक ठिकाणी शेजारी-शेजारी नाहीत. कुठे एक वर, एक खाली, मध्ये झाडी. एका मार्गावर उभं राहिलं की दुसरा दिसतही नाही. त्यात कॅच सायडिंग नावाचा प्रकार आहे. उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी पळू लागली तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढायला मध्येच डोंगरावर चढत जाणारा एक आंधळा फाटा ठेवलेला असतो. चढावर गाडीचा वेग मरतो आणि ती थांबते. या फाट्यावर एरवी गाडी जात नाही, त्यामुळे रूळ गंजलेले, मधे गवत, सगळं ओसाड. बघणाऱ्याला वाटतं की हा सोडलेला मार्ग. प्रत्यक्षात तो अखंड तयार असतो. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधी कॅच सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. म्हणजे गंज हा पुरावा नाही.

मग पुरावा कोणता? रूळ आणि त्याखालचे आडवे स्लीपर दोन्ही काढून नेलेले, खडीत मनगटाएवढ्या बुंध्याची झाडं उगवलेली, वर तार नाही की खांब नाही, आणि दोन्ही टोकांना तो तुकडा चालू मार्गापासून खरोखर तुटलेला. चारही गोष्टी एकत्र दिसल्या तर मार्ग मेला असं म्हणा. एखादी जरी कमी असेल तर तो जिवंत धरा. चालू मार्गावरचे तारेचे खांब नीट बघितलेत तर त्यावर 118/22 असे आकडे दिसतील. आधीचा आकडा सीएसएमटीपासूनचं अंतर, नंतरचा त्या किलोमीटरमधला खांब. कर्जत 100 वर, लोणावळा 128 वर. हे आकडे टिपून ठेवायची सवय लावा. काही झालं तर «घाटात कुठेतरी आहोत» सांगून कुणी सापडत नाही, खांबाचा नंबर सांगितला की रेल्वेच्या कामगारांची गँग बरोबर तिथे येते.

आवाजावर तर मुळीच विसंबू नका. चढणाऱ्या गाडीचा धडधडाट लांबून येतो. उतरणारी विजेच्या ब्रेकवर असते, ती दबकत येते. बँकर इंजिनं गाडीला वर ढकलून झाल्यावर एकटीच परत खाली येतात, त्यांचा आवाज त्याहून कमी. वळणाच्या दरीत आवाज समोरच्या डोंगरावरून उलटतो आणि गाडी जिकडून येतेय त्याच्या बरोबर उलट दिशेला माणूस बघत राहतो. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट आहेत. तिच्यापासून किमान 2 मीटर अंतर हवं, आणि बोगद्यात तार खाली आलेली असते. सेल्फी स्टिक, छत्री, ट्रेकिंगची काठी खांद्यावर टाकून चालणं, सगळं तिथे घातक.

«धरतात का» या प्रश्नाचं उत्तर: हो, आणि योग्य करतात. रेल्वे कायदा 1989 चं कलम 147. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता यातली मेख. कायद्यात «रेल्वे» म्हणजे फक्त रूळ नव्हे, कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतली जमीनही त्यात येते. त्यामुळे रूळ उखडलेला बोगदासुद्धा जमीन रेल्वेची असेल तर रेल्वेच. «पण इथे गाडीच येत नाही» हा युक्तिवाद आरपीएफच्या चौकीत चालत नाही. जमीन वन विभागाची असेल तर परवानगी तिथून, म्हणजे त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून.

भोर घाट मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतो, म्हणून अर्ज सीएसएमटीला विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करायचा. «जुने बोगदे बघायचे आहेत» एवढ्यावर काही हलत नाही. कोणता बोगदा, जवळचा खांब क्रमांक, कोण कोण, वयं, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख, किती वाजता आत किती वाजता बाहेर आणि कशासाठी, एवढं लिहा. पाच मित्रांच्या अर्जाला नकार येण्याची किंवा उत्तरच न येण्याची शक्यता जास्त, हे आधीच सांगतो. कॉलेजच्या इतिहास, स्थापत्य किंवा भूगर्भशास्त्र विभागाच्या पत्रावर अभ्यासभेट म्हणून अर्ज गेला तर त्याला वजन येतं. परवानगी मिळाली तरी सोबत रेल्वेचा माणूस असेल. त्याला ओझं समजू नका. कोणत्या कोपऱ्यात दगड सुटतो हे त्याला ठाऊक असतं. परवानगी नाही मिळाली तर आत जायचं नाही. पुढचं सगळं ती मिळाली आहे असं धरून लिहितो.

तोंडाशी पोचलात की लगेच आत शिरू नका. अर्धा तास बाहेर घालवा. आत जावं की नाही याचा बहुतेक निकाल इथेच लागतो.

सगळ्यात आधी वर बघा. सह्याद्रीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कडे, पूल आणि बोगद्यांच्या कमानी या आग्या मधमाश्यांच्या आवडत्या जागा. पोळं एकेका हाताएवढं लांब लटकलेलं असतं आणि लांबून ते कमानीवरच्या काळ्या डागासारखं दिसतं, म्हणून नजरेतून सुटतं. दिसलं की तिथूनच परत. «हळूच खालून जाऊ» नाही. परफ्यूम, सिगारेट, शेकोटी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, मोठा आवाज, यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. उठल्याच तर तोंड आणि मान कपड्याने झाकून सरळ लांब पळायचं, हात झटकायचे नाहीत, वाटेत थांबायचं नाही. काटे नखाने किंवा एटीएम कार्डाने खरवडून लगेच काढा, जितका उशीर तितकं विष जास्त उतरतं. ओठ-डोळे सुजले, घशात घुसमट झाली, चक्कर आली किंवा डंख खूप असतील तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नाहीत.

मग खाली बघा. मऊ मातीत ठसे, हाडं, केसाळ विष्ठा, उग्र वास. बिबट्याला दुपारच्या सावलीला अशी जागा चालते. साळिंदराचे काटे दिसले तर निदान बिळं आहेत एवढं कळतं. तोंडाशी पडलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात फुरसं आणि घोणस असू शकतात, म्हणून ढिगाऱ्यावर हात टेकवून चढायचं नाही. बोगद्याच्या भिंतीत ठराविक अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे असतात. गाडी आली की कामगारांनी आत सरकायचं, रेल्वेत त्यांना रेफ्यूज म्हणतात. रिकाम्या बोगद्यात त्यांच्यावर हक्क सापांचा आणि वटवाघळांचा. प्रकाश टाकल्याशिवाय आत डोकावू नका.

आता दगड. आपल्याकडचे घाटातले जुने बोगदे काळ्या पाषाणात खोदलेले आहेत. बराच भाग उघडा कातळ आणि मध्येमध्ये दगडी किंवा विटांच्या कमानीचं अस्तर. नवख्याला अस्तराचा भाग पक्का वाटतो आणि उघडा कातळ भीतीदायक. खरं उलट आहे. बांधणाऱ्यांनी पैसा उगाच घातलेला नाही. जिथे कातळ खराब लागला तिथेच अस्तर केलं. त्या अस्तरामागे सुटा दगड आहे आणि दीडशे वर्षांच्या पाण्याने चुना धुऊन गेलेला आहे. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल मातकट पट्टा असतो. कोरडा असेपर्यंत तो कडक, पाणी लागलं की भुगा होतो आणि वरचा दगड निराधार. भिंतीत असा तांबडा पट्टा आडवा जाताना दिसला आणि तो ओला असला तर त्याच्याखाली थांबायचं नाही.

पडझड ताजी की जुनी हे ओळखायची खूण साधी आहे. जमिनीवरच्या दगडाचा तुटलेला भाग बघा. त्यावर धूळ, शेवाळ, वटवाघळांची लेंडी बसली असेल तर तो जुना. चकचकीत, स्वच्छ तुटलेला असेल तर तो गेल्या पावसाळ्यातला किंवा गेल्या आठवड्यातला. छतातून स्वच्छ पाणी ठिबकतंय हे चालतं. गढूळ पाणी म्हणजे मागची माती वाहतेय, तिथून मागे फिरायचं. भिंत पोटासारखी पुढे आली असेल, विटांच्या सांध्यातून झाडाची मुळं उतरली असतील, तरीही तेच. काठीने किंवा हातोडीने छत ठोकून बघायचा मोह आवरा. रेल्वेचे लोक ते करतात, पण मचाण बांधून आणि सुटा दगड पाडण्यासाठीच.

आणखी एक. बोगद्याचा सगळ्यात धोकादायक भाग म्हणजे पहिले पंधरा-वीस मीटर. तिथे कातळ झिजलेला, वरून मुळं घुसलेली, ऊन-पावसाने रोज आकुंचन-प्रसरण. आणि माणसं नेमकी तिथेच बसतात, कारण सावली आहे, वारा आहे आणि फोटोत मागे कमान छान दिसते. डबे तिथे उघडू नका. कमानीपासून लांब, उघड्यावर बसा.

राहिली हवा, म्हणजे तुमची मेणबत्ती. नको. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास आलेला असतो, आणि तोवर माणसाचं डोकं नीट चालेनासं झालेलं असतं. उलट कार्बन डायऑक्साइड 4 टक्के झाला, डोकं ठणकू लागलं, धाप लागली, तरी मेणबत्ती खुशाल जळत राहते. म्हणजे जे सांगायला हवं ते ती सांगत नाही. दख्खनच्या कातळात मिथेनची भीती फारशी नाही, पण कोळशाच्या पट्ट्यात कुणी ही युक्ती केली तर ती स्फोटाला निमंत्रण आहे.

दोन्ही तोंडं उघडी, पलीकडचा उजेड दिसतोय आणि वारा वाहतोय, अशा बोगद्यात हवा सहसा चांगली असते. वारा तपासायला हातभर शिवणदोऱ्याला टिशू पेपरची पट्टी बांधा आणि तोंडापासून चार-पाच पावलं आत उंच धरा. ती एका दिशेला सतत झुकली पाहिजे. घाटातला 300 मीटरचा बोगदा 37 ला 1 या चढाने एका टोकाला 8 मीटर उंच असतो. एवढ्या फरकावर आत-बाहेरच्या तापमानामुळे हवा वाहते. दुपारी आत गार, बाहेर गरम, म्हणून गार हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते. पहाटे थंडीत उलट, वरच्या तोंडातून निघते. मध्ये एक वेळ अशी येते की दोन्ही तापमानं सारखी होतात आणि हवा थबकते, साधारण सकाळी आणि संध्याकाळी. म्हणून जायची वेळ अकरा ते तीन. पट्टी लटकून राहिली तर थांबा, वारा सुरू होत नाही तोवर आत जायचं नाही.

एक तोंड बंद असेल, दरड कोसळून किंवा भिंत घालून, तर प्रश्नच मिटला, जायचं नाही. कालका-शिमला मार्गावर बरोगजवळ असाच एक अर्धवट सोडलेला बोगदा आहे. दोन बाजूंनी खोदलेली टोकं जुळलीच नाहीत, म्हणून दोन्ही बाजू आंधळ्या. अशा जागी कुजणारा पालापाचोळा आणि साचलेलं पाणी ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट भागात तळाला साचतो. उभ्या माणसाला काही जाणवत नाही, बुटाची नाडी बांधायला वाकलेला कोसळतो, आणि त्याला उचलायला वाकणारा त्याच्यावर. बंद विहिरीत एकामागून एक माणसं जातात ती याच कारणाने.

कारखान्यात वापरतात तो चार वायूंचा मीटर मिळाला तर न्या, पण त्याची मर्यादा समजून घ्या. तो ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू मोजतो. कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, आणि बोगद्यात तोच मुख्य शत्रू. त्याचा अंदाज ऑक्सिजनवरून काढावा लागतो. मोकळ्या हवेत मीटर सुरू करा, आकडा 20.9 यायला हवा. गजर बहुतेक 19.5 ला लावलेला असतो. तोवर थांबू नका. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणजे 0.4 ची घट दुसरा एखादा वायू मिसळल्याने झाली असेल तर तो वायू जवळजवळ 2 टक्के भरलेला असतो. आकडा 20.5 दिसला की पाठ फिरवायची. मीटर गुडघ्याच्या उंचीवर धरून चाला, छातीवर अडकवून नव्हे. आणि मीटर असो-नसो, कुणाचंही डोकं दुखू लागलं, चढ नसताना धाप लागली, विनाकारण चिडचिड झाली, तर चर्चा न करता सगळे बाहेर.

इथवर सगळं नीट असेल तर आत.

पाचपैकी एक जण बाहेरच राहील, तोंडापासून लांब, मोबाइलला रेंज असलेल्या जागी. त्याच्याकडे बाहेर यायची वेळ लिहिलेली असेल. अर्धा तास उलटून गेला तरी कुणी आलं नाही तर तो शोधायला आत शिरणार नाही. 112 ला फोन करेल आणि खांबाचा नंबर सांगेल. रेल्वेची मदत 139 ला, रुग्णवाहिका 108 ला. चौघे आत जाताना एकमेकांत पाच मीटर अंतर, म्हणजे दगड पडला तर एकावर पडेल. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे बाहेर जातात. चारपेक्षा कमी माणसांत हे गणित बसत नाही.

टॉर्च: प्रत्येकाकडे तीन दिवे. डोक्याला 200 ते 300 लुमेनचा हेडलॅम्प, कमरेला हातातला टॉर्च, खिशात छोटा तिसरा. सेल नवे, आणि जादा सेल पाकिटात वेगळे. मोबाइलचा दिवा यात धरायचा नाही, तो संपला की फोनही गेला. फार प्रखर दिवा आत उलट त्रास देतो, कारण दमट हवेत आणि धुळीत समोर पांढरा पडदा तयार होतो. तसं झालं की हेडलॅम्प डोक्यावरून काढून कमरेशी धरा, जमीन स्वच्छ दिसते. चौघांपैकी कुणाचाही पहिला दिवा मंद झाला की परत फिरायची वेळ झाली.

हेल्मेट गिर्यारोहणाचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट पट्ट्याशिवाय वाकलं की पडतं. बूट घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे. जुन्या मार्गावर स्लीपरचे गंजके खिळे आणि रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट खडीत उभे राहिलेले असतात आणि ते पातळ तळव्यातून सरळ वर येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर जाण्याआधी घ्या. घाण जखम झाली आणि पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, माणशी दोन लिटर पाणी, शिट्टी, दोन क्रेप बँडेज, गॉज. दोर नको. ज्या बोगद्यात दोर लागेल तो तुमच्यासाठी नाही.

दोन्ही कडांना गटार असतं. पाणी साचलेलं असलं की ते आणि जमीन एकसारखे दिसतात, म्हणून काठीने तळ चाचपत मधून चाला. पाणी गुडघ्याच्या वर आलं की बस. कोकणच्या बाजूला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, काही नवा नाही. उंदराच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. जखम असेल तर पाण्यात पायच घालू नका.

वटवाघळांबद्दल लोकांना भलतीच भीती असते आणि खरी असायला हवी ती नसते. ती केसात अडकत नाहीत. त्रास त्यांच्या विष्ठेचा. वाळलेल्या थरावरून चाललं की भुकटी उडते आणि तीत हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचे बीजाणू असू शकतात. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, पण दिसतो तेव्हा क्षयरोगासारखा भासतो आणि उपचार चुकतात. म्हणून एन-95 मास्क, नाकावरची पट्टी घट्ट दाबून. कापडी मास्क किंवा रुमालाचा उपयोग नाही. दमा असलेला, स्टेरॉइडवर असलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला कुणी तुमच्यात असेल तर त्याला बाहेरच्या पहाऱ्यावर ठेवा. छताला मोठी वसाहत दिसली, पोटाशी पिल्लं असलेल्या माद्या दिसल्या, तर दिवा खाली करून सगळेच मागे या. घाबरून उडालेल्या माद्यांची पिल्लं खाली पडून मरतात. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं, जखम दिसतसुद्धा नसली, तरी साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरकडे.

बाहेर आल्यावर मास्क आणि मोजे वेगळ्या पिशवीत, बूट घरात नेण्याआधी धुऊन. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर डॉक्टरला आपणहून सांगा की वटवाघळांच्या, पाणी असलेल्या बोगद्यात गेलो होतो. ते विचारणार नाहीत, कारण असा प्रश्न सुचण्याचं कारणच नाही.

जानेवारी निवडलात ते बरं केलंत. जूनपासून दिवाळीपर्यंत घाटातला कुठलाच जुना बोगदा बघायच्या लायकीचा नसतो. मंकी हिल ते नागनाथ पट्ट्यात 2019 च्या पावसात चालू मार्गाचं एवढं नुकसान झालं की पुढे कित्येक आठवडे गाड्या रखडल्या. ज्याची रोज देखभाल होते त्याची ही गत, तर सोडून दिलेल्याचं काय. पाऊस थांबल्यावरही पाणी कातळातून महिना-दोन महिने झिरपत राहतं, म्हणून नोव्हेंबरचीही घाई नको.

परवानगी आली नाही तर दिवसाच्या गाडीने कर्जत ते लोणावळा खिडकीत बसून हात बाहेर न काढता पलसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी नावं ओळखत जा आणि कॅच सायडिंग शोधा. काय बघायचं हे ठाऊक असलं की तासाभरात पुष्कळ दिसतं.

भावाचं काम सोपं आहे. ब्रिटनमध्ये बंद बोगद्यांपैकी काही डागडुजी करून, दिवे लावून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रीतसर उघडलेले आहेत. लीड्सहून दिवसभरात जाऊन येण्यासारखा म्हणजे पीक डिस्ट्रिक्टमधला मॉन्सल ट्रेल. साडेआठ मैलांची वाट, हेडस्टोन, क्रेसब्रूक, लिटन आणि ची टॉर हे चार मोठे बोगदे 2011 पासून खुले. दिवे दिवसाउजेडीच चालू असतात, म्हणून हिवाळ्यात लवकर निघावं आणि खिशात टॉर्च ठेवावा. लांब जायची तयारी असेल तर बाथजवळचा कूम डाऊन. एक मैलाहून जास्त, 1,672 मीटर, 2013 मध्ये उघडला. अरुंद आणि हवा खेळती नसलेला हा बोगदा. 1929 मध्ये मालगाडीच्या इंजिनवरचे दोघे यात धुराने बेशुद्ध पडले आणि सुटलेली गाडी खाली बाथच्या यार्डात जाऊन आदळली.

त्याच्या घराजवळचा एक मोठा बंद बोगदा मात्र ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्सच्या मधला क्वीन्सबरी. 1878 मध्ये उघडला, 1956 मध्ये बंद झाला, सव्वादोन किलोमीटरहून लांब. दक्षिणेकडचं टोक वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेलं, आत अस्तर कोसळलेलं. तिथल्या लांब बोगद्यांना खोदकामासाठी वरून पाडलेल्या उभ्या विहिरी असतात. त्यातल्या काही वरून लाकूड टाकून, माती लोटून बुजवलेल्या, आणि ते लाकूड कुजलं की सगळा भराव एकदम खाली येतो. आतून चालणाऱ्याला ती विहीर दिसतही नाही, छताला फक्त वेगळ्या दगडांचा चौकोन किंवा गोल दिसतो. शिवाय त्या देशात वटवाघळांना कायद्याचं कडक संरक्षण आहे आणि हिवाळी झोपेत त्यांना उठवणं हाच गुन्हा. क्वीन्सबरीचे फोटो बघून त्याला चेव आला असेल तर त्याला मॉन्सल ट्रेलचं नाव कळवा आणि सायकल भाड्याने घ्यायला सांगा.